राखून ठेवलेला प्रश्न

सराव परीक्षेचे बाकी सगळे पेपर उतेकर सरांनी वाटून टाकले आणि मानसीचा तेवढा हातात ठेवला.

"मानसी, हा प्रोग्रॅम पाठ केला होतास ना?"

"हो सर. पूर्ण."

"एक ते पाच आकड्यांची बेरीज. उत्तर पंधरा यायला हवं. तुझ्या प्रोग्रॅमचं तीस येतंय."

पोलादपूरच्या एस.टी. स्टँडमागे वाचनालयाची एक खोली आहे. निवृत्त झाल्यापासून उतेकर सर तिथे पायथन नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत. तीन जुने कॉम्प्युटर, एक फळा आणि बारावी झालेली मोजकी मुलं. पुण्याची एक संस्था प्रत्येक तालुक्यातून एकालाच वर्षभर शिकायला नेणार होती, राहण्याजेवणासकट. त्यासाठीची परीक्षा महाडला होती, आणि ती कागदावर. कॉम्प्युटर चूक लगेच दाखवतो. कागद दाखवत नाही. म्हणून कुठे कंस, कुठे अपूर्णविराम, कुठली ओळ आत सरकवायची, हे सगळं डोक्यात पक्कं हवं होतं.

सरांनी मानसीचा पेपर फळ्यावर उतरवला. आकड्यांचा फेरा फिरवणारी फॉरची ओळ बरोबर होती. तिच्याखाली, थोडी आत, टोटलमध्ये आकडा मिळवायची ओळ. आणि तिच्याखाली पुन्हा तीच ओळ.

"ही दोनदा का लिहिलीस?"

मानसी फळ्याकडे बघत राहिली. तिला खरंच सांगता येईना. ती मनातल्या मनात प्रोग्रॅम म्हणू लागली, ओठ हलले, मान डोलली, आणि एकदम थांबली.

मागच्या बाकावर सेजल हसली. "मी सांगू सर? हिने झील धरलीय."

वर्गातल्या सगळ्यांना ते कळलं. मानसीचे आजोबा भागोजी तुरा पक्षाचे शाहीर. जाखडीच्या नाचात शाहीर ओळ म्हणतो आणि मागे बसलेले झीलकरी ती उचलून पुन्हा म्हणतात. मानसी लहानपणापासून आजोबांच्या मागे बसून झील धरायची. चाल लागली की कुठलीही गोष्ट तिच्या तोंडी बसे, म्हणून तिने सगळे प्रोग्रॅम जाखडीच्या चालीवर बसवले होते. चालीबरोबर झीलही पाठ झाली, आणि ती कागदावर उतरली. गाण्यात ओळ दोनदा म्हटली की रंग चढतो. प्रोग्रॅमच्या फेऱ्यात दोनदा लिहिली की बेरीज दुप्पट होते.

"कागदाला ढोलकी पण बांधायची होतीस गो," सेजल म्हणाली.

"तुझं दहा आलंय ते बघ आधी. पाच कुठे बुडवलास, सावित्री नदीत?" मानसी म्हणाली.

सेजलचा पेपर तिच्या हातात उघडाच होता. एक ते पाच म्हणून तिने रेंजच्या कंसात एक आणि पाच लिहिले होते. पायथन शेवटचा आकडा धरत नाही, त्याच्या अलीकडे थांबतं. म्हणून तिथे सहा लिहावे लागतात. सेजलने घरातल्या भिंती रंगीत चिठ्ठ्यांनी भरल्या होत्या आणि येता-जाता त्या वाचत असे. रेंजची चिठ्ठी तर आरशावरच होती.

सेजल नदीपलीकडच्या वाडीतली, शक्ती पक्षाचे शाहीर श्रीपत यांची नात. तुरेवाले शिवाची बाजू धरतात, शक्तीवाले देवीची. सामन्यात दोन्ही शाहीर एकमेकांना पुराणातले सवाल टाकतात, टोमणे मारतात, आणि ज्याला जवाब येत नाही तो साऱ्या गावासमोर खाली मान घालून बसतो. भागोजी आणि श्रीपत उभा जन्म समोरासमोर बसले होते. मंचावरून उतरल्यावरही ते एकमेकांच्या दारचा चहा घेत नसत. नातींकडे ते आपोआप आलं होतं.

"यादीतलं पहिलं नाव कितव्या जागेवर?" मानसीने बसल्या जागेवरून विचारलं.

"शून्य. मी काय बालवाडीत आहे? शेवटचं?"

"उणे एक. शब्दातलं मधलं एक अक्षर बदलता येतं?"

"येतं की."

"नाय येत."

"का नाय?"

मानसी अडखळली. "सरांनी सांगितलंय म्हणून."

"हे उत्तर झालं? झीलच धर तू."

सर मध्ये पडले नाहीत. त्यांनी एक कॉम्प्युटर चालू करून दोघींना पुढे बोलावलं. मानसीने टाइप केलं. लाल अक्षरांत चूक आली. एकदा तयार झालेला शब्द जागच्या जागी बदलत नाही, नवा बनवावा लागतो, हे सरांनी समजावलं. पडद्याकडे वाकलेली दोन डोकी समजून होताच झटकन लांब झाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी आदल्या दिवसाचं सगळ्यांना विचारलं. बाकीच्यांना निम्मंशिम्मं आठवत होतं. या दोघींना जे भांडणात आलं होतं ते अक्षर न् अक्षर आठवत होतं. जे शांतपणे शिकवलं होतं त्यातलं बरंच गेलं होतं.

सरांनी आयुष्यभर मुलं शिकवली होती. पाच वेळा लिहा, मोठ्याने म्हणा, रात्री झोपताना वाचा, हे त्यांनीही सांगितलं होतं. वाचताना मुलाला वाटतं की आपल्याला येतंय, कारण उत्तर डोळ्यांसमोर असतं. पुस्तक मिटून कुणी विचारलं की कळतं काय उरलं ते. आणि विचारणारा आपण चुकायची वाट बघत असला, तर जे चुकतं तेही विसरत नाही.

"मग भांडा," सर म्हणाले. "पण नियमाने."

"म्हणजे?"

"वर्ग सुटल्यावर रोज थांबायचं. वह्या बंद, कॉम्प्युटर बंद. एकीने विचारायचं, दुसरीने फळ्यावर लिहायचं. नाही आलं तर विचारणारीने स्वतः लिहून दाखवायचं आणि कॉम्प्युटरवर चालवायचं. जे चुकलं ते दुसऱ्या दिवशी पहिलं."

"आणि विचारणारीलाच येत नसलं तर?" सेजलने विचारलं.

"तर विचारायचं नाही."

"सामन्यातला नियमच आहे तो," मानसी म्हणाली. "जवाब माहीत नाही तो सवाल टाकायचा नाही. हिच्या आजाने मागे मोडला होता..."

"माझ्या आजाचं नाव घेऊ नकोस."

"आजोबांना सोडा दोघी," सर म्हणाले. "ते एकमेकांना पुरेसे आहेत."

"मला हिच्यासोबत थांबायचं नाही सर," सेजल म्हणाली.

"मला तरी कुठे थांबायचंय?" मानसी म्हणाली.

दोघी थांबल्या. जागा एकच होती, आणि आपण नाही थांबलो तर दुसरी एकटीच सरांकडून शिकून जाईल, ही धास्ती दोघींना होती.

मानसीला ती जागा का हवी होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा भाऊ भरत महाडच्या एमआयडीसीत कामाला होता आणि बिरवाडीला खोली घेऊन राहत होता. रविवारी तो घरी आला की जेवताना विषय काढायचा.

"पॅकिंगच्या बाईंना सांगून ठेवलंय मी. निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाल्यात."

"निवड झाली तर?"

"झाली तर जा. मी अडवलंय? नाय झाली तर रडत बसायचं नाय. किती पोरी बाहेर उभ्या हायेत माहिताय?"

मानसी एकदा ते पॅकिंग बघून आली होती. टोप्या घातलेल्या मुली ओळीने उभ्या राहून पिंपांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. पिंपात काय आहे ते तिने एकीला विचारलं, तर तिला माहीत नव्हतं आणि विचारावंसंही कधी वाटलं नव्हतं. भरतदादा वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्याने बहिणीसाठी चांगली सोय केली आहे. त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नसे.

सेजलशी मात्र मनसोक्त भांडता येत असे.

"रिकाम्या यादीत नाव घालायचं. लिही."

मानसीने लिहिलं. अपेंड, आणि कंसात नाव.

"कंस गोल की चौकोनी?"

"गोल. दिसत नाही?"

"तुझं अक्षर बघून कुणाला दिसेल? आता एकदम दुसरी अख्खी यादीच जोडायची."

मानसीने पुन्हा अपेंड लिहिलं.

सेजल बाकावर मागे रेलली. "हां. म्हणजे यादीच्या पोटात यादी. पातेल्यात पातेलं ठेवलंस. भात कोण उपसणार?"

"मग तू लिही."

सेजलने एक्स्टेंड लिहिलं, कॉम्प्युटर चालू केला, दोन्ही चालवून दाखवलं, आणि खडू मानसीच्या पुढ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे तोच प्रश्न पहिला आला. मानसीने न बघता लिहिलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा ती अपेंड लिही, तेव्हा तिला पातेल्यात पातेलं दिसे आणि सेजलचा राग येई, आणि हात योग्य शब्दाकडे वळे.

मानसीही कमी नव्हती. सेजल ओळी आत सरकवायला विसरायची. "घराबाहेर काढलीस बिचारीला," मानसी म्हणायची. "इफच्या घरातली ओळ ती. पावसात उभी केलीस." सेजलचे कान लाल व्हायचे. दोन-तीनदा तिने खडू मोडून फेकला. एकदा दप्तर उचलून दारापर्यंत गेली.

"गेलीस तर मी जिंकले," मानसी म्हणाली.

सेजल परत येऊन बसली. "विचार."

खोलीत दिवा लागेपर्यंत हे चाले. मग दोघी स्टँडवर दोन टोकांना उभ्या राहून आपापल्या गाडीची वाट बघत. नमस्कार नाही, उद्या भेटू नाही. मानसीने चाल लावून पाठ करणं कधीच सोडलं होतं. घरी ती वही मिटून स्वतःला प्रश्न विचारायची. पण स्वतःच्या आवाजात विचारलं की उत्तर ढिलं यायचं, जाऊ दे, साधारण असंच, असं वाटायचं. मग तिने सेजलच्या आवाजात विचारायला सुरुवात केली. तो नाकातला, खिजवणारा आवाज डोक्यात आला की साधारण काही चालत नसे.

असंच एकदा सेजलच्या आवाजात एकेका धड्याचे प्रश्न आठवत असताना मानसीच्या लक्षात आलं की डिक्शनरीचा धडा आला की तो आवाज गप्प होतो. डिक्शनरीत नाव आणि त्याच्यासमोर त्याचा आकडा, अशा जोड्या ठेवतात. सरांनी तो धडा शिकवला त्या दिवशी सेजल आली नव्हती. गणपतीतल्या नाचाची तालीम होती. पण नंतर तिने वही उतरवून घेतली होती. तरी एकदाही तिने त्यातलं काही विचारलं नव्हतं.

मानसीने आजोबांना सांगितलं. भागोजी पडवीत ढोलकीला शाई लावत बसले होते.

"एकही सवाल नाय टाकला?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"मग राखून ठेवलान हाय. श्रीपतची नात ना ती. तो पन असाच. सामन्यात जे अख्ख्या रातीत काढत नाय, ते शेवटाला अंगावर टाकतो. माणूस बेसावध असतो तेव्हा." त्यांनी ढोलकीवर बोट मारून बघितलं. "काय इचारलान ते सगळेच बघतात गो. काय इचारलान नाय ते बघ."

मानसी त्या धड्याच्या मागे लागली. ती एरवी सगळ्यात कमी वाचायची तो हाच. तिला कळेना की डिक्शनरीवर फॉरचा फेरा फिरवला तर दर फेरीला हातात काय येतं: नाव, आकडा की दोन्ही. दोनदा उत्तर वाचलं आणि दोनदा विसरली. मग तिने आईच्या फळीवरचे डबे बघितले. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: नाचणी, कुळीथ, पोहे. तिने मनात फळीवरून बोट फिरवलं. बोटाला चिठ्ठी लागत होती, आतलं धान्य नाही. धान्य हवं तर त्या नावाचा डबा उघडायला हवा. म्हणजे फेऱ्यात हाती फक्त नाव येतं. आकडा हवा असेल तर डिक्शनरीपुढे चौकोनी कंसात ते नाव लिहून मागून घ्यायचा. आणि नसलेल्या डब्याचं नाव घेतलं तर पायथन सरळ चूक दाखवतं.

तिने ते पुन्हा पुन्हा सेजलच्या आवाजात विचारलं. सेजल शेवटच्या दिवशी प्रश्न टाकेल तेव्हा तिचं तोंड बघायचं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सर टेबलाशी पेपर लावत बसले होते आणि दोघी फळ्यापाशी होत्या. सेजलच्या प्रश्नांची पाळी संपत आली. फंक्शन झालं, इफ झालं, यादी झाली.

"आता शेवटचा," सेजल म्हणाली.

मानसीने खडू घट्ट धरला.

"रेंजमध्ये दहापासून एकपर्यंत उलटं यायचं. लिही."

मानसीने दहा, शून्य, उणे एक लिहिलं. ते तिला केव्हापासूनच येत होतं. ती सेजलकडे वळली. "बस? एवढंच?"

"मग? रात्रभर विचारू?"

"डिक्शनरी राहिली."

ती सहज बोलून गेली होती. सेजलने डस्टर उचलला आणि फळा पुसायला घेतला. मानसीनेच नुकतं लिहिलेलं, अजून न तपासलेलं उत्तरही तिने पुसून टाकलं. "तो धडा येत नाही परीक्षेला. कुणीतरी सांगितलंय," ती फळ्याकडे तोंड करून म्हणाली.

तेव्हा मानसीला कळलं. सेजलने काही राखून ठेवलं नव्हतं. तिला ते येतच नव्हतं. येत नाही ते विचारायचं नाही, हा नियम ती पाळत होती. आणि येत नाही हे मानसीसमोर कबूल करण्यापेक्षा तो धडा अस्तित्वातच नसल्यासारखं वागत होती.

"तुझा शेवटचा राहिलाय," सर टेबलावरून म्हणाले. "विचार, मानसी. दिवे मालवायचेत."

प्रश्न मानसीच्या ओठांवर तयार होता. विचारला असता तर सेजलला आला नसता. मग नियमाप्रमाणे मानसीला तो फळ्यावर लिहून, चालवून दाखवावा लागला असता. आणि या खोलीत जे चुकलं ते सेजल पुन्हा कधीच चुकली नव्हती. मानसीला टोप्या घातलेल्या मुलींची ओळ दिसली.

"यादीतलं शेवटचं नाव कसं काढायचं?" तिने विचारलं.

सेजलने खडूही उचलला नाही. "पॉप. हे काय विचारणं झालं?"

"फार सोपा टाकलास," सर म्हणाले.

"दमले सर."

सेजल तिच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग दप्तर उचलून निघून गेली.

महाडच्या परीक्षेत डिक्शनरीवर एक नाही, दोन प्रश्न होते, आणि दोन्ही मोठे. पहिल्यात मुलांची नावं आणि गुण दिले होते, त्यावर फॉरचा फेरा होता, आणि काय छापलं जाईल ते लिहायचं होतं. मानसीने फळीवरून बोट फिरवलं आणि फक्त नावं लिहिली. डोकं वर केलं तर दोन बाक पुढे सेजल पेन टेबलावर आडवं ठेवून बसली होती. ती कधीच पेन खाली ठेवत नसे. मानसीने मान खाली घातली आणि दुसरा प्रश्न सोडवला.

निकाल लागला तेव्हा यादीत मानसीचं नाव होतं. सरांनी घरी येऊन पेढे दिले. भागोजींनी वाडीभर सांगितलं की शक्तीवाल्यांना तुऱ्याने पाणी पाजलं.

भरत म्हणाला, "म्हणजे त्या बाईंना आता मी काय सांगू?" आणि मग थोड्या वेळाने, "बॅग हाय का तुला? माझी घेऊन जा."

सेजल वाचनालयात आली ती चार दिवसांनी, पुस्तकं परत करायला. खोलीत मानसी एकटी होती.

"तुला येत होतं ते," सेजल म्हणाली. तिने पुस्तकं टेबलावर ठेवली. "डिक्शनरीवर फॉर. पेपर सुटल्यावर तू बाकीच्या पोरांना सांगत होतीस. सगळं ऐकलं मी."

"हो. येत होतं."

"आदल्या दिवशी येत होतं?"

मानसी टेबलावरची पुस्तकं सरळ करू लागली.

"मग विचारलंस का नाय?"

"तू तरी कुठे विचारलंस? एवढ्या दिवसांत एकदा पण?"

"मला येत नव्हतं म्हणून." सेजलचा आवाज चढला नाही, त्यात नेहमीचं खिजवणंही नव्हतं. "मला जे जे येत होतं ते सगळं विचारलं तुला. एक सोडलं नाय. तुझं अपेंड माझ्यामुळे आहे. तुझी ती झील मी सोडवली. आणि तू पॉप विचारलंस मला."

"जागा एक होती."

"मला पण एकच होती ती." सेजल दाराकडे वळली. "आजा म्हणतो तुरेवाले शेवटाला कच खातात. मी त्यालाच सांगत होते, ही तशी नाय म्हणून. चुकलंच माझं."

 सेजल गेल्यावर मानसी खाली मान घालून बसली.

पुण्याला जायच्या दिवशी भरतने तिची बॅग गाडीत चढवली आणि ड्युटी आहे म्हणून आधीच्या गाडीने निघून गेला. मानसी खिडकीशी बसली. स्टँडच्या पलीकडच्या टोकाला, नेहमीच्या जागी, सेजल उभी होती. मानसीला वाटलं ती आपल्या वाडीच्या गाडीची वाट बघत असेल. पण ती गाडी आली, निघून गेली, आणि सेजल तिथेच. मग ती चालत येऊन खिडकीखाली उभी राहिली.

मानसीनेच आधी तोंड उघडलं. "डिक्शनरीवर फॉर फिरवला तर हातात काय येतं?"

"नाव. आकडा पाहिजे तर कंसात नाव घालून मागायचा," सेजल एका दमात म्हणाली. "नाव नसलं तर चूक दाखवतं. दाखवू नये असं वाटलं तर गेट वापरायचं. अजून काय?"

"काही नाही."

"आता माझा. ए नावाची यादी, तिच्यात दोन नावं. पुढच्या ओळीत बी बरोबर ए. मग बीमध्ये एक नाव अपेंड केलं. ए मध्ये किती?"

"दोन," मानसी म्हणाली. "वाढवलंय ते बीमध्ये."

"चूक."

ड्रायव्हरने गाडी चालू केली.

"मग किती?" मानसीने विचारलं. "नियम आहे. विचारणारीने सांगायचं."

"येत असून विचारलं नाहीस, तेव्हा नियम कुठे होता?" सेजल म्हणाली, आणि मागे वळून चालू लागली. आपण पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसणार आहोत, हे ती बोलली नाही. पण तिच्या काखेत सरांच्या खोलीतलं जाडं पुस्तक होतं.

गाडी हायवेला लागली. मानसीने बॅगेतून कागद काढून प्रोग्रॅम लिहून बघितला. कागद काहीच सांगेना. तिने प्रश्न पुन्हा विचारला, त्याच नाकातल्या आवाजात: ए मध्ये किती? एमआयडीसीचा फाटा आला. कामावर निघालेल्या मुलींचा एक घोळका रस्त्याच्या कडेला थांबला होता. बी बरोबर ए. म्हणजे बी नावाचा नवा डबा आणला का? तिने आईची फळी आठवली. फळीवर डबे तेवढेच होते. नवा डबा कुणी आणलाच नव्हता. होता त्याच डब्यावर दुसरी चिठ्ठी चिकटवली होती. मग कुठल्याही चिठ्ठीचं नाव घेऊन आत काही घाला, डबा एकच.

सेजलचा नंबर तिच्याकडे सरांच्या ग्रुपमुळे होता; आजवर एकदाही तिने त्यावर काही पाठवलं नव्हतं. तिने लिहिलं: तीन. यादी एकच आहे, नावं दोन.

महाड स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. चहावाला खिडकीखालून गेला, नवे प्रवासी चढले, गाडी मागे घेतली गेली. मग फोनवर सेजलचा मेसेज आला.

"उशीर केलास. उद्या पहिला हाच."